घर गार किंवा उबदार ठेवायचे असेल, तर आधी आपल्या गावाची रात्र ओळखा

नागपुरात मे महिन्यातील दुपारी पारा सहज ४४ अंशांपर्यंत चढतो. मुंबईत त्याच दिवसांत तो बहुधा ३३-३४ अंशांवर थांबतो. तरीही नागपुरातील असंख्य कुटुंबे केवळ कूलरवर उन्हाळा काढतात आणि मुंबईत त्याच कूलरपुढे बसलेला माणूस घामाने भिजतो. माझे लहानपण अकोल्यात गेले. पुढे वडिलांची बदली ठाण्याला झाली, तेव्हा घरातील पत्र्याचा मोठा कूलर आम्ही सामानाबरोबर ट्रकमधून नेला होता. ठाण्यातील दुसऱ्याच रात्री अंथरूण-पांघरूण दमट झाले, भिंतीवरील कॅलेंडरचा कागद लोंबू लागला आणि गारवा मात्र जाणवला नाही. यंत्रात कोणताही बिघाड नव्हता. बदलली होती ती हवा.

घरासाठी पंखा, कूलर, एसी किंवा हीटर निवडताना बहुतेक लोक दुपारचे कमाल तापमान डोळ्यांपुढे ठेवतात. माझ्या मते हा हिशेब अपुरा आहे. हवेत ओलावा किती आहे आणि रात्री पारा किती उतरतो, या दोन गोष्टींवरच घराला नेमके काय हवे हे ठरते. म्हणून एकही रुपया खर्च करण्यापूर्वी एक आठवडा पुढील नोंद ठेवावी.

आठवडाभराची नोंद

दोन साधे तापमापक घ्यावेत. एकाच्या फुग्याला ओले सुती फडके गुंडाळावे, फडक्याचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोन्ही तापमापक सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात पाच मिनिटे ठेवावेत. पाणी वाफ होताना उष्णता शोषून घेते, म्हणून ओल्या फडक्याचा तापमापक कमी आकडा दाखवतो. या दोन आकड्यांतील फरक हाच आपल्या गावातील कूलरचा अधिकाधिक पल्ला असतो आणि चांगला कूलर त्यातील साधारण तीन-चतुर्थांश भाग पदरात टाकतो. विदर्भात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक २३ अंशांच्या आसपास स्थिरावतो, म्हणजे फरक २१ अंशांचा पडतो. तेथे कूलरमधून सुमारे २८ ते २९ अंशांची हवा मिळू शकते. मुंबईत ३४ अंश आणि ६५ टक्के आर्द्रता असताना हाच फरक जेमतेम साडेपाच अंशांचा असतो. कूलर फार तर चार अंश उतरवेल आणि त्या बदल्यात खोलीतील हवा इतकी ओली करील की अंगावरचा घाम वाळणेच थांबेल. दुपारचा फरक बारा अंशांहून अधिक असेल तर कूलर निश्चिंतपणे घ्यावा. सात अंशांहून कमी असेल तर त्याचा विचारही करू नये. मधल्या पट्ट्यात तो कोरड्या दिवसांपुरता साथ देतो.

दुसरी नोंद दुपारी तीन आणि पहाटे पाच या वेळांच्या तापमानांची करावी. पुण्यात एप्रिलमध्ये दुपारी सुमारे ३८ आणि पहाटे २० ते २१ अंश असा सतरा अंशांचा उतार मिळतो. नागपुरात मे महिन्यात उतार १४-१५ अंशांचा असतो, पण पहाटेचा आकडाच २८ च्या जवळपास असतो. मुंबईत मे महिन्यात दुपारी ३३ आणि पहाटे २७, म्हणजे जेमतेम सहा अंश. ज्या गावात उतार मोठा आणि पहाट थंड, तेथे जाड भिंती आणि रात्री उघडलेल्या खिडक्या हेच सर्वांत स्वस्त वातानुकूलन ठरते. जेथे उतार लहान आहे, तेथे जाड भिंत दिवसाची उष्णता साठवते आणि रात्रभर परत देत राहते.

आपल्या जुन्या बांधणीत हे ज्ञान उतरलेले दिसते. मराठवाडा आणि सोलापूरकडील माळवदाची घरे जाड मातीच्या भिंतींची, लहान खिडक्यांची आणि पांढऱ्या मातीच्या थराने झाकलेल्या सपाट छपराची असत. दीड-दोन फूट जाडीची भिंत दुपारचे ऊन आत पोहोचवायला दहा-बारा तास घेते आणि तोवर बाहेर रात्र गार झालेली असते. कोकणातील घर याच्या नेमके उलट आहे. जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, कौलांच्या फटींतून वर निघून जाणारी गरम हवा, समोर ओटी आणि चहूबाजूंनी पडवी, या सगळ्यांतून वारा वाहता राहावा आणि भिंतींवर ऊन-पाऊस थेट पडू नये हाच हेतू दिसतो. आज दोन्हीकडे सिमेंटच्या एकाच नमुन्याच्या इमारती उभ्या राहतात. त्यामुळे भिंतींनी सांभाळलेले काम आता यंत्रांवर आणि वीजबिलावर येऊन पडले आहे, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सगळ्यांसाठी पहिले काम: छप्पर

महाराष्ट्र साधारण १६ ते २२ अक्षांशांदरम्यान येतो. त्यामुळे मे महिन्यात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर असतो. पुण्यामुंबईत मेच्या मध्याला आणि नागपुरात मेच्या अखेरीस शून्य सावलीचा दिवस येतो तो यामुळेच. ऐन उन्हाळ्यात सर्वाधिक ऊन छपरावर पडते, त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिमेच्या भिंतींवर, आणि दक्षिणेच्या भिंतीवर मात्र फारच थोडे. डिसेंबरात हाच सूर्य पुण्यात दुपारी क्षितिजापासून ४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून खोलीत खोलवर पोहोचतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीला दोन फुटांचा आडवा छज्जा पुरतो, तोच उन्हाळ्यात सावली देतो आणि हिवाळ्यात ऊन आत येऊ देतो. पश्चिमेच्या खिडकीला छज्जा कितीही मोठा केला तरी उपयोग नाही, कारण चार वाजताचे ऊन तिरपे, छज्ज्याखालून आत शिरते. तेथे खिडकीच्या बाहेरून बांबूचे चिक, उभ्या पट्ट्या किंवा झाड हवे. आतला पडदा प्रकाश अडवतो, परंतु ऊन काचेतून आत आल्यावर त्याची उष्णता खोलीतच राहते, हे ध्यानात ठेवावे.

वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांनी पैसे आधी गच्चीवर खर्च करावेत. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत, म्हणजे निवासी इमारतींसाठीच्या ऊर्जा-नियमावलीत, छपरातून प्रति चौरस मीटर, आतबाहेरच्या तापमानातील प्रति अंश फरकाला १.२ वॅटपेक्षा अधिक उष्णता आत येऊ नये अशी मर्यादा घातलेली आहे. साध्या सहा इंची स्लॅबमधून याच्या दुपटीहून अधिक उष्णता आत येते. गच्चीवर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी बसवणे, दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचे दोन हात देणे किंवा परावर्तक पांढरा रंग लावणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय आहे, आणि चुन्याचे काम तर घरच्या घरी एका सकाळी आटोपते. गच्चीची डागडुजी निघालीच असेल, तर जलरोधक थराचे काम करताना एक इंच जाडीची टणक फोमची, म्हणजे एक्सपीएसची, पाटी घालून घ्यावी. तेवढ्या जाडीनेही छप्पर संहितेच्या मर्यादेत येते. हिरवी जाळी लावायची असेल तर ती स्लॅबपासून चार-पाच फूट उंचावर ताणावी, म्हणजे मधून वारा खेळेल. स्लॅबला चिकटून अंथरलेल्या जाळीचा फायदा फार थोडा होतो.

विदर्भ, खानदेश आणि मराठवाडा

येथील वर्षाचे तीन वेगळे भाग पडतात आणि प्रत्येकाची मागणी वेगळी असते. मार्चच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत हवा कोरडी आणि तप्त असते. नवतपाच्या नऊ दिवसांत तर सकाळी नऊलाच झळा लागू लागतात. या काळात सकाळी आठपूर्वी सर्व खिडक्या, दारे आणि पडदे बंद करून घर अंधारे ठेवावे आणि रात्री दहानंतर उघडावे. दिवसभर खिडकी उघडी ठेवून बाहेरची ४४ अंशांची हवा पंख्याने अंगावर घेणे धोक्याचे आहे. हवेचे तापमान अंगाच्या तापमानाहून बरेच वर गेले की पंख्याचा वारा शरीराला उष्णता देऊ लागतो, हे घरातील वृद्धांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवावे.

कूलरचा आकार ठरवताना खोलीची लांबी, रुंदी आणि उंची फुटांत गुणावी आणि येणाऱ्या आकड्याचे निम्मे करावे. तितके घनफूट हवा दर मिनिटाला फेकणारा कूलर त्या खोलीला पुरतो. बारा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीचे घनफळ १४४० घनफूट होते, म्हणजे मिनिटाला ७२० घनफूट हवा हवी. कूलरवर घनमीटर प्रति तास असा आकडा लिहिलेला असेल तर १.७ ने गुणावे, म्हणजे साधारण १२२५.

कूलर बाहेरच्या खिडकीतच बसवावा, म्हणजे तो बाहेरची कोरडी हवा घेईल. त्याच वेळी खोलीची समोरची खिडकी किंवा दार अर्धवट उघडे असलेच पाहिजे. कूलर सुरू करून दारे-खिडक्या घट्ट लावणे ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक आहे, कारण ओली हवा बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर अर्ध्या तासात कूलर निरुपयोगी होतो. ताटी वाळ्याची असो, लाकडाच्या धाग्यांची असो किंवा हनीकोंबची, पाणी तिच्या सर्व भागांवरून सारखे ओघळते आहे ना, हे आठवड्यातून एकदा पाहावे. एक जागा कोरडी राहिली तरी गरम हवा तेथूनच आत येते. बोअरचे पाणी क्षारयुक्त असेल तर हनीकोंबवर पांढरा थर बसतो. त्यासाठी टाकीतील सगळे पाणी दर आठवड्याला काढून टाकावे. त्याने डेंग्यूच्या डासांची पैदासही रोखली जाते, आणि हे काम पावसाळ्यापूर्वी कूलर बंद करतानाही विसरू नये.

पत्र्याच्या कूलरच्या बाबतीत एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. पाणी, लोखंड आणि वीज एकत्र असलेले हे यंत्र आहे आणि दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे, विशेषतः लहान मुले, दगावल्याच्या बातम्या येतात. तीन पिनांचा प्लग, भिंतीतील चालू अर्थिंग आणि घराच्या मुख्य फलकात ३० मिलिअँपियरचे ईएलसीबी, म्हणजे वीज गळताच पुरवठा तोडणारे उपकरण, या तीन गोष्टी असल्याशिवाय कूलर सुरूच करू नये. पाणी भरताना स्विच बंद करून प्लगही काढावा.

पाण्याचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता शोषते, म्हणजे विजेच्या भाषेत जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट. तासाला दहा लिटर पाणी उडवणारा कूलर म्हणूनच दीड-दोनशे वॅट विजेत मोठ्या एसीच्या तोडीचे काम करतो. पण दहा तासांत त्याला शंभर लिटर पाणी लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तशा भागात हे पाणी कोठून येणार, हा विचार आधी करावा लागतो. पाणी कमी असेल तेथे छपराचा चुना, पश्चिमेचे चिक आणि बंद खिडक्यांची शिस्त यांवरच भर द्यावा आणि कूलर रात्रीच्या झोपेपुरता चालवावा.

पाऊस सुरू झाला की हवा ओली होते आणि कूलरचे पॅड कोरडे ठेवून केवळ पंखा चालवणेच इष्ट असते. ऑक्टोबरच्या उकाड्यात पुन्हा ओल्या-कोरड्या तापमापकांकडे पाहूनच निर्णय घ्यावा. घरात अगदी वृद्ध किंवा आजारी माणूस असेल तर एका खोलीपुरता एसी असावा असे माझे मत आहे. संपूर्ण घरभर एसी बसवण्याची गरज या कोरड्या प्रदेशात फार थोड्या घरांना असते.

मुंबई, ठाणे, कोकण आणि गोवा

किनारपट्टीवर शत्रू आर्द्रता आहे आणि तिच्यावर पहिला उपाय वाहता वारा हा आहे. इको निवास संहितेने उघडता येणाऱ्या खिडक्यांचे किमान क्षेत्र प्रदेशानुसार वेगवेगळे ठरवले आहे. उष्ण-कोरड्या प्रदेशात ते घराच्या चटई क्षेत्राच्या १० टक्के आहे, संमिश्र हवामानात साडेबारा टक्के, आणि उष्ण-दमट किनाऱ्यावर १६.६६ टक्के. यात उघडता येणारे हा शब्द महत्त्वाचा आहे. सरकत्या काचांची खिडकी कितीही मोठी असली तरी एका वेळी तिचा अर्धाच भाग उघडतो, बिजागरीची खिडकी मात्र जवळजवळ पूर्ण उघडते. नवे घर घेताना किंवा खिडक्या बदलताना किनाऱ्यावरच्या माणसाने बिजागरीच्याच खिडक्यांचा आग्रह धरावा. वारा पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूची खिडकी आणि समोरच्या भिंतीतील दुसरी वाट, दोन्ही मोकळ्या ठेवाव्यात. मधल्या दारांवर झडपा असतील तर खासगीपणा राखूनही वारा खेळतो.

छताचा पंखा येथे वर्षातून दहा महिने फिरतो, त्यामुळे जुना ७०-८० वॅटचा पंखा काढून ३० वॅटच्या आसपासचा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज घेणाऱ्या मोटरचा, पंखा लावण्याचा खर्च किनाऱ्यावरच सर्वांत लवकर वसूल होतो.

एसी घ्यायचा असेल तर तो गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. कोरड्या प्रदेशात मोठ्या एसीने केवळ पैसे वाया जातात, परंतु दमट प्रदेशात त्याने सोयही बिघडते. मोठे यंत्र खोलीचे तापमान पटकन उतरवून थांबते किंवा मंदावते आणि हवेतील पाणी काढायला त्याला पुरेसा वेळच मिळत नाही. परिणामी खोली थंड पण चिकट राहते आणि माणूस तापमान आणखी खाली उतरवतो. १२० चौरस फुटांच्या मधल्या मजल्यावरील खोलीला एक टन पुरतो. वर तापणारी गच्ची आणि पश्चिमेची भिंत असेल तर दीड टनाचा विचार करावा, तोही गच्ची पांढरी करून झाल्यावर. जानेवारी २०२० पासून नव्या एसींची मूळ मांडणी २४ अंशांवर येते. माझा अनुभव असा की एसी २६ अंशांवर आणि छताचा पंखा मंद गतीवर ठेवला तर झोप तितकीच चांगली लागते. पावसाळ्यात, तापमान फारसे नसताना केवळ दमटपणा छळतो, तेव्हा ड्राय मोड वापरावा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने बाहेरच्या युनिटची जाळी लवकर गंजते, म्हणून तांब्याची, संरक्षक लेप असलेली कॉइल घ्यावी आणि युनिट थेट वाऱ्याच्या तोंडी बसवू नये.

पुणे, नाशिक, सातारा, कोल्हापूर

देशावरील पठाराला रात्रीचे वरदान आहे. येथे मार्च ते मे या काळात रात्री नऊनंतर खिडक्या उघडाव्यात, पहाटे घर पुरते गार होऊ द्यावे आणि सकाळी साडेआठ-नऊला खिडक्या लावून घ्याव्यात. आता पुण्यात राहताना मी दर उन्हाळ्यात हेच करतो आणि दुपारी घर बाहेरच्यापेक्षा पाच-सहा अंशांनी गार असते. खिडक्यांना डासांची जाळी आणि चोरांपासून संरक्षण देणारे गज नसतील तर माणूस रात्री खिडकी उघडत नाही, म्हणून या प्रदेशात एसीच्या आधी जाळीवर खर्च करावा. रस्त्याचा गोंगाट किंवा धूळ यांमुळे खिडकी उघडणे शक्यच नसेल, तर स्वयंपाकघरातील एक्झॉस्ट पंखा रात्रभर चालवून घराच्या शांत बाजूच्या खिडकीतून गार हवा आत ओढून घेता येते.

थंडीचे दिवस

महाराष्ट्रात खोली गरम करण्याची गरज थोड्याच ठिकाणी आणि थोडेच दिवस पडते. निफाडच्या शिवारात थंडीची लाट आली की पारा पाच अंशांच्या खाली जातो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठते आणि विदर्भात गोंदियाकडे पहाटे कडाका पडतो. तरीही दुपारी बहुतेक ठिकाणी २५ अंशांच्या वर ऊन असते. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीवरील पडदे सकाळी दहा ते चार उघडे ठेवावेत, सूर्य कलताच खिडक्या लावून जाड पडदे ओढावेत आणि दाराखालची फट कापडाच्या गुंडाळीने बुजवावी. एवढ्याने दोन-तीन अंशांचा फरक पडतो आणि गोधडी पुरेशी होते.

आपल्याकडे खरी ऊर्जा अंघोळीच्या पाण्याला लागते. वीस लिटरची बादली वीस अंशांनी तापवायला साधारण अर्धे युनिट वीज लागते, म्हणजे चार माणसांच्या घराला रोज दोन युनिटे. दोन किलोवॅटचा हीटर तासभर चालवला तर तेवढीच वीज जाते, पण हीटर वर्षातून दहा-पंधरा दिवस लागतो आणि गरम पाणी वर्षभर. पठारावर पावसाळा सोडून बहुतेक दिवस स्वच्छ ऊन मिळते, म्हणून गच्चीचा हक्क असणाऱ्यांनी खोलीच्या हीटरऐवजी सौर बंब घ्यावा. पाणी क्षारयुक्त असेल तर काचेच्या नळ्यांचा बंब सोपा पडतो, कारण त्या आतून साफ करता येतात.

कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. निखारे विझत आले तरी त्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. गॅसचा गीझर बंद न्हाणीघरात बसवण्यातही हाच धोका आहे. तो बाहेरच्या मोकळ्या बाल्कनीत किंवा सज्ज्यात बसवून नळाने पाणी आत आणावे. तशी सोय नसेल तर वर आणि खाली अशा दोन कायम उघड्या झडपा असल्याशिवाय तो पेटवू नये. एक्झॉस्ट पंखा असला तरी हवा आत येण्याची वाट वेगळी हवी, कारण दार बंद असताना पंखा बाहेर काढील तेवढी हवा कोठून तरी आत यावीच लागते.